गॅरेजवाल्याने गाडी अडवली, दुसरी चावी माझ्याकडे आहे

प्रश्न : माझी २००७ सालची पेट्रोल सेडान सेल्फ घेईना. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, ‘सेल्फ काढून बघतो, साडेतीन हजारांत होईल.’ सेल्फची मोटर (स्टार्टर) इंजिनाच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या) खाली. काढताना बोल्ट तुटला. आता बिल १४,८०० रुपये : नवी मोटर ५,५००, मजुरी ५,०००, गॅस्केट (सांध्यात बसवायची पट्टी) ८००, तुटलेला बोल्ट काढण्याचे ३,५००. शिवाय पार्किंगचे रोज १५०. जुनी मोटर भंगारात गेली म्हणतो आणि पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. गाडी माझ्या नावावर आहे. दुसऱ्या चावीने घेऊन आलो तर? – एक वाचक, सातारा

उत्तर : आणू नका. स्वतःच्याच गाडीची चोरी केल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली घड्याळाची दोन उदाहरणं आहेत. घड्याळजीचं काहीही देणं नसताना मालकाने घड्याळ ओढून नेलं, तर ती चोरी नाही. पण दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, घड्याळजीने त्यासाठी घड्याळ रीतसर अडवलंय आणि पैसे बुडवायला मालकाने ते उचललं, तर चोरी. तुमचं थोडं तरी देणं आहेच.

गॅरेजवाल्याला अडवण्याचा हक्क देतं ते करार कायदा, १८७२ चं कलम १७०. वस्तूवर कौशल्याचं काम केलं, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. फक्त त्या कामाचा. पार्किंग त्यात बसत नाही, कारण गाडी तो स्वतःच्या हितासाठी अडवतोय. १८६० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने जहाजदुरुस्ती करणाऱ्याचं गोदीभाडं याच तर्काने नाकारलं होतं. मात्र जॉब कार्डावर (गाडी सोपवताना भरलेल्या कामाच्या कागदावर) पार्किंगची अट छापलेली असेल आणि खाली तुमची सही असेल, तर वाद अवघड होईल. ते कार्ड आधी शोधा.

मजुरीबद्दलचं माझं मत तुम्हाला रुचणार नाही. मॅनिफोल्डखालची मोटर काढायची म्हणजे थ्रॉटल बॉडी, पाइप, वायरिंग सोडवून अख्खा मॅनिफोल्ड उतरवायचा. जुनी गॅस्केट पुन्हा नीट बसेलच असं नसतं, म्हणून नवी टाकतात. पाच हजार मजुरी अवाच्या सवा नाही. त्याची चूक वेगळीच आहे : बॉनेट उघडताच मोटर कुठे आहे ते दिसलं असणार, तेव्हाच नवा आकडा सांगून तुमचा होकार घ्यायला हवा होता. तरीही नवी मोटर तुम्ही वापरणार असाल, तर करार कायद्याच्याच कलम ७० प्रमाणे तिचे वाजवी पैसे द्यावे लागतील.

खरा वाद बोल्टचा. त्याच कायद्याच्या कलम १५१ नुसार ताब्यातल्या वस्तूची त्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यायची असते, आणि ती घेतली हे दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच. गंजून जाम झालेला बोल्ट काळजी घेऊनही तुटतो. पण गंज सोडवणारं तेल टाकून मुरू दिलं का? उष्णता दिली का? की थेट लांब पान्याने झटका दिला? हे त्याला लेखी विचारा. तुटलेल्या बोल्टचे फोटोही मागा. समाधानकारक उत्तर नसेल, तर ते ३,५०० त्याच्या खिशातून.

जुनी मोटर तुमची मालमत्ता होती. तिची रिपेअर करणाऱ्याकडे किंमत येते, ती बिलातून वळती करून मागा. नुसते मोटरमधले कार्बन ब्रश झिजले होते की खरंच मोटर बदलण्याची गरज होती, हे सिद्ध करणं आता त्यालाच जड जाईल. पार्ट नंबरसह पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने कळवा : बोल्टचे ३,५०० वगळून ११,३०० रुपये लगेच देतो, जुन्या मोटरची किंमत त्यातून वळती करा, बाकी रक्कम अमान्य. ऐकलं नाही आणि गाडीची निकड असेल, तर पूर्ण पैसे ‘हक्क राखून’ असं यूपीआयच्या टिपेत आणि पावतीवर लिहून भरा नि गाडी सोडवा. पोलिसांत जाऊ नका, दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.

नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं. मुदत दोन वर्षांची, एवढ्या रकमेला शुल्क नाही. गाडी अडकलेलीच असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागा. एवढ्यासाठी वकील लावू नका, मलाही नाही. स्वतः बाजू मांडता येते.

गाडी घेताना सेल्फ त्याच्यासमोर थंड इंजिनावर मारून बघा आणि व्हिडिओ काढून ठेवा.