स्वादुपिंडातली गाठ श्वानोमा आहे हे नुसत्या सीटी स्कॅनवरून कळतं का?

खात्रीने नाही. श्वानोमा मज्जातंतूच्या आवरणातल्या श्वान पेशींपासून वाढतो आणि स्वादुपिंडात फारच क्वचित सापडतो. शिवाय आतला भाग झिजून पाणी भरलं, की स्कॅनवर तो सिस्टसारखा दिसतो. भरीव असला तर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) वाटू शकतो. म्हणून एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी) करून सुईने नमुना घेतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या आणि एस-१०० हे श्वान पेशींत असणारं प्रथिन ठळक पॉझिटिव्ह आलं, तर निदान बरंच पक्कं होतं. सीडी-११७ हे दुसरं प्रथिन निगेटिव्ह आहे ना, हेही बघतात, कारण जिस्ट या पचनमार्गाच्या भिंतीतल्या गाठीतही अशाच पेशी असतात, पण तिथे ते सहसा पॉझिटिव्ह असतं. कधी नमुना अपुरा पडतो आणि उत्तर शस्त्रक्रियेनंतरच मिळतं. तरी बायोप्सीबद्दल डॉक्टरांना आधी जरूर विचारा. गाठ साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, ठरली तर स्वादुपिंडाचा मोठा भाग न कापता फक्त गाठ काढणं अनेकदा शक्य असतं.