गावाला नको, आशाताईला सांग

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दबक्या आवाजात बोलत होतीस, शेजारी घरचं कुणी असावं. म्हणून लिहून पाठवते, सवडीने वाच.

पाळी चुकून आठ दिवस झाले, किटवर दोन रेषा आल्या आणि घरात लगेच ठरलं, की तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही. दृष्ट लागू नये हे त्यामागचं एक कारण, आणि काही विपरीत झालंच तर गावभर उत्तरं देत बसावं लागू नये हे दुसरं. दुसरं मला पटतं. तेव्हा गावाला खुशाल सांगू नकोस. आशाताईला मात्र याच आठवड्यात सांग. उपकेंद्रावर नोकरी केली तेव्हापासून पाहतेय, बायका चौथ्या महिन्यात लाजत लाजत नोंदणीला येतात, आणि बाळाचे अवयव घडायचे दिवस तोवर सरलेले असतात.

तुला वाटतं आठच दिवस झाले. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात. पाळी महिन्याच्या महिन्याला येत असेल तर त्या हिशेबाने तुझा सहावा आठवडा चालू आहे. बाळाचा मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतो, ती याच सुमारास मिटते. ती नीट मिटावी म्हणून फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक. खरं तर ती दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायची असते. राहून गेली म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस, आजपासून घे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं तर डॉक्टर आधी देतील, स्वतःच्या मनाने नको, मळमळ वाढते.

आता मळमळीचं. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याचा जो वास एरवी भूक चाळवतो, तोच उंबऱ्याबाहेरून पोटात ढवळून काढेल. उलट्या साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होतात, नवव्याच्या सुमारास जोर धरतात आणि बहुतेकींच्या चौथ्या महिन्यात ओसरतात. सकाळीच होतात असं काही नाही, भरदुपारीही होतील. उशाशी फुटाणे नाहीतर कोरडी भाकरी ठेव, दोन घास खा आणि मग उठ. पोट रिकामं राहिलं की मळमळ जास्त, म्हणून थोडं थोडं खात राहायचं. फोडणी काही दिवस दुसऱ्या कुणी द्यावी. उलट्या झाल्याच नाहीत तरी घाबरायचं कारण नाही. पण घोटभर पाणीही टिकेना, लघवी कमी आणि गडद होऊ लागली, तर घरी लिंबू हुंगत बसू नकोस. तेव्हा सलाईन लागते.

बाकी छाती दुखरी होईल, लघवीला सारखं जावं लागेल, दुपारी डोळे मिटतील, उगाच रडू येईल. हे चालायचंच.

पपईचं विचारलंस. कच्ची नकोच, तिच्यातला चीक वाईट. पिकलेल्या पपईच्या फोडीने गर्भ पडतो असं काही सिद्ध झालेलं नाही, पण मन खात असेल तर राहू दे, रावेर-यावलच्या केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पपईवरून घरात जेवढा गहजब होतो, त्याच्या पावपटही फवारणीवरून होत नाही. कपाशीवर फवारणीचे दिवस आहेत. औषध कालवायला तू हात लावायचा नाहीस. नुकत्याच फवारलेल्या वावरात निंदायला जायचं नाही. पंप आणि बाटल्या घरात नकोत, माठाजवळ तर नकोतच. नवऱ्याचे फवारणीचे कपडे त्याने स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत. ‘तो कसला धुतोय’ म्हणशील, तर त्याला एवढा भाग वाचून दाखव. आणि मशेरी लावत असशील तर आजच बंद. ती तंबाखूच आहे, बाळाचं वजन घटवते.

आता जे बायका कानाशी येऊन सांगतात ते. पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला थोडंफार रक्त अंगावर दिसतं, आणि त्यातल्या पुष्कळ जणी पुढे सुखरूप बाळंत होतात. तरी डाग दिसला की दाखवायचंच. रक्त जास्त जाऊ लागलं, पोटात एका बाजूला सणकून दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. गर्भ पिशवीऐवजी बीजनलिकेत राहिला असला तर जिवावर बेततं. आणि हेही ऐकून ठेव. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांत दहा ते वीस सुरुवातीलाच थांबतात, बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. पाण्याचा हंडा उचलला, एसटीचे धक्के बसले, ग्रहण पाळलं नाही, म्हणून नव्हे. कुणी तसं बोललं तर निमूट ऐकून घेऊ नकोस.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, रक्त-लघवी तपासतील, धनुर्वाताचं इंजेक्शन देतील. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही बघावा लागतो. सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी मागून घे. सातपुड्याच्या पट्ट्यात तो आजार आहे, आणि नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. ‘आपल्या समाजात नसतं’ असं सांगून घरचे टाळतील, तरी कर. सोनोग्राफीला गेलीस की मुलगा की मुलगी हे कुणी विचारायचं नाही. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, विचारणाराही गुन्हेगार ठरतो.

पहिलटकरणीला मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. निकषात बसतेस का ते आशाताई बघेल आणि अर्जही भरून घेईल. खातं तुझ्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं लागतं. जोडलेलं नसेल तर उलट्यांनी जोर धरायच्या आत बँकेत जाऊन ये.

तुझी,
मावशी