"हे व्यायामच करत नाहीत हो!"

"मॅडम, फिजिओथेरपीवाल्यांनी चित्रं काढून दिलीत, मी ती फ्रिजवर लावलीत. हे बघतसुद्धा नाहीत." पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, घरांतून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की पुढचं वाक्य मीच म्हणते, "आणि आठवण केली की चिडतात."

काका शेजारीच होते, मांडीवरचा थरथरता उजवा हात डाव्यानं दाबून.

काकूंना आधीच सांगितलं, याला आळस म्हणू नका. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडलं की हालचाल मंदावते, तसा काही सुरू करायचा हुरूपही आटतो. 'मन झालं की करीन' म्हणत बसलं तर मन होतच नाही. मी समुपदेशक, विवेकनिष्ठ विचारसरणीतली, म्हणजे भावनेमागचा समज तपासणारी. न होणाऱ्या मनामागचा समज शोधत राहिले. चौथ्या भेटीत तो सापडला.

"पूर्वी संध्याकाळी काय करायचात?"

"भजनी मंडळ. टाळ वाजवायचो, पावली खेळायचो."

"सोडलं कधी?"

"हात लोकांना दिसायला लागला तेव्हा."

"कोणी हसलं?"

बराच वेळ गेला. "नाही. हसतील म्हणून मीच गेलो नाही."

पुढच्या वेळी टाळ आणायला सांगितले. हा कंप बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असतो, कामाला लावला की पुष्कळदा कमी होतो. काकांचा होईलच याची खात्री मात्र मला नव्हती. टाळ वाजले. ठेका जरा मागेपुढे, पण वाजले! काका हाताकडे बघत राहिले, काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मी, खोटं कशाला बोलू, स्वतःवरच खूश होते.

मंडळात फोन काकांनीच केला: "मला पार्किन्सन्स आहे. पावलीत कडेला उभा करा."

घरच्यांनो, चित्रांचा कागद एकट्यानं करायचा असतो. मंडळात कुणीतरी वाट बघत असतं. शिवाय दारात किंवा वळताना ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात, त्यांनाही ठेका किंवा फरशीवरची रेघ पाऊल उचलायला मदत करते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग चालतात, मग आपली पावली काय वाईट? भजन नको तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. फक्त डॉक्टरांना विचारा, औषधाचा असर असतानाची वेळ धरा आणि तोल गेलाच तर सावरायला कुणीतरी शेजारी असू द्या.

फ्रिजवरच्या कागदातले दोन व्यायाम काका आता करतात, वळण्याचा आणि पाऊल उंच उचलण्याचा. बाकीचे नाही. "पावलीत लागत नाहीत," म्हणतात.