सोलापूर ते इंडी: जाताना एक नियम, येताना दुसरा

तुम्ही विचारलंय, ‘कोरोनाच्या काळात देशातल्या देशात फिरायचे नियम इतक्या वेळा का बदलले, आणि दोन राज्यांच्या बॉर्डरवर राहणाऱ्यांना आज कोणता नियम चालू आहे हे कळायचं कसं?’ पहिल्या भागाचं उत्तर सरकारी आदेश चाळले तर सापडेल. दुसऱ्याचं तिथं सापडणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी सोलापुरात भाड्याची सात सीटर गाडी आहे. विजापूर, इंडी, गाणगापूर, कलबुर्गी ही नेहमीची भाडी. विजापूर रोडनं सोरेगाव, वडकबाळ, तेरामैल, टाकळी करत निघालात की तासाभरात भीमेचा पूल लागतो, आणि पुलापलीकडं धुळखेड म्हणजे कर्नाटक. अक्कलकोटच्या बाजूला तर मधे नदी नाही अशीही गावं आहेत, एका बांधावर महाराष्ट्र आणि पुढच्या बांधावर कर्नाटक. आमच्याकडं अर्ध्या घरांत कन्नड बोलतात. माझी सासुरवाडी पलीकडं कर्नाटकात, इंडी तालुक्यातली. पलीकडचे पेशंट दवाखान्याला सोलापुरात येतात, पलीकडचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो. ‘परराज्य’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा जोरात ऐकला तो मार्च 2020 मध्ये.

आणि तेव्हा भीती आम्हाला पलीकडच्यांची होती, हे आता कुणाला आठवत नाही. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीच्या माणसाचा, 10 मार्च 2020. कलबुर्गीचं भाडं आलं की बायको नको म्हणायची. दोन महिन्यांत काटा फिरला. महाराष्ट्रात देशात सगळ्यांत जास्त पेशंट झाले आणि एम एच 13 ची नंबरप्लेट बघून पलीकडचे लोक दोन पावलं मागं सरकायला लागले.

आता नियम का बदलायचे. दोन कायदे होते. एक 1897 चा साथरोगाचा, प्लेगच्या वेळचा इंग्रजांचा, त्यात अधिकार मुख्यतः राज्याला. दुसरा 2005 चा आपत्ती व्यवस्थापनाचा, त्यात वर दिल्ली, मधे राज्य, खाली जिल्ह्याला कलेक्टर. दिल्लीनं घातलेली बंदी राज्याला सैल करता यायची नाही, पण आणखी आवळता यायची. म्हणजे वरून सूट आली तरी ती खालपर्यंत झिरपेलच असं नाही. आम्ही बॉर्डरवाले, आम्हाला त्यात आणखी एक राज्य आणि पलीकडचा आणखी एक कलेक्टर. टीव्हीवर ‘प्रवासाला परवानगी’ अशी पट्टी आली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारायचे, आता तर सगळं खुलं झालं ना? मी विचारायचो, कुणी खुलं केलं ते आधी सांगा.

23 मार्चला महाराष्ट्रानं जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, 25 पासून देश बंद. 29 मार्चला दिल्लीनं राज्यांना सीमा सील करायला सांगितलं. हा काळ सोपा होता, कारण उत्तर एकच होतं: नाही. माल मात्र चालू होता. 15 एप्रिलच्या आदेशात ट्रकला दोन ड्रायव्हर आणि एक हेल्पर चालत होते. माणूस अडायचा, कांदा जायचा. माझा एक मित्र म्हणायचा, आपण कांदा असतो तर बरं झालं असतं.

गोंधळ सुरू झाला तो थोडं थोडं उघडायला लागल्यावर. 17 मे 2020 च्या आदेशात दिल्लीनं म्हटलं की दोन्ही राज्यं राजी असतील तर गाड्या सोडा. दुसऱ्याच दिवशी कर्नाटकनं जाहीर केलं की महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू आणि केरळमधून 31 मेपर्यंत कुणाला घेणार नाही. त्याच आठवड्यात माझे सासरे वारले. आम्ही बॉर्डरपर्यंत गेलो. तिथला पोलीस वाईट नव्हता. ‘एल्लिंद बंदिरी?’ (कुठून आलात?) म्हणाला, बायकोनं कन्नडमध्येच सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, वर फोन लावला, आणि मान हलवली. मेहुण्यानं मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली लावून तिनं बापाला शेवटचं बघितलं. रेंज दोनदा गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

30 मेच्या आदेशात दिल्लीनं लिहिलं की राज्यात आणि राज्याबाहेर जायला पास, परवानगी काही लागणार नाही. पण त्यालाच जोडून लिहिलं की एखाद्या राज्याला आरोग्याच्या कारणानं बंधन घालावंसं वाटलं तर त्यानं आधी प्रसिद्धी देऊन घालावं. झालं! त्या एका वाक्यातून सगळी राज्यं आपापला नियम घेऊन आत शिरली. कर्नाटकात महाराष्ट्रातून येणाऱ्याला सात दिवस सरकारी क्वारंटाइन आणि पुढं सात दिवस घरात, शिवाय सेवा सिंधू नावाच्या त्यांच्या पोर्टलवर नोंदणी. इकडं महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर पडायला पोलिसांचा ई-पास. देवीला तुळजापूरला जायचं म्हटलं तर अंतर पंचेचाळीस किलोमीटर, पण जिल्हा उस्मानाबाद (आताचा धाराशिव), म्हणजे पास. मंदिर बंदच होतं ती गोष्ट वेगळी.

22 ऑगस्ट 2020 ला केंद्रीय गृह सचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून बजावलं की अशी बंधनं घालू नका. कर्नाटकनं दोनच दिवसांत नोंदणी, हातावरचा शिक्का, क्वारंटाइन सगळं काढून टाकलं. महाराष्ट्रात ई-पास गेला तो 2 सप्टेंबरला. मधल्या आठ-नऊ दिवसांत सोलापूरहून विजापूरला जायला कर्नाटक काही विचारत नव्हतं, पण पुण्याला जायला आपलंच राज्य पास मागत होतं. त्यातही गंमत अशी, की एसटीनं गेलात तर 20 ऑगस्टपासून पास लागत नव्हता. स्वतःच्या गाडीत नवरा-बायको दोघं असतील तर पास, आणि वीस अनोळखी माणसांबरोबर बसमध्ये बसलात तर नको. एसटी सुरू व्हायलाच हवी होती, गरिबाचं दुसरं वाहन कुठलं. पण मग पास कशासाठी ठेवला होता, ते मला आजही उमगलेलं नाही.

पुढचे पाच महिने निवांत गेले.

फेब्रुवारी 2021 पासून दुसरा अध्याय. कर्नाटकनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला. एप्रिलमध्ये आपल्याकडं ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध आले. 22 एप्रिलच्या रात्री आठपासून जिल्ह्याबाहेर जायला फक्त वैद्यकीय कारण, अंत्यविधी किंवा अत्यावश्यक सेवा, नाही तर 10,000 रुपये दंड. ई-पास परत आला. लग्नाला 25 माणसं आणि दोन तास. मेमध्ये आदेश आला की महाराष्ट्रात बाहेरून कुणीही, कसंही आलं तरी रिपोर्ट हवा, आणि तो राज्यात शिरण्याच्या आधीच्या 48 तासांतलाच हवा. मालाच्या गाडीत आता दोनच माणसं, बाहेरच्या राज्यातून येणार असतील तर त्यांनाही तोच रिपोर्ट, मात्र तो सात दिवस चालायचा.

इथं नीट बघा. खरी मेख इथं आहे, आणि बातम्यांत ही कुणी सांगितली नाही. जायला 72 तास, यायला 48.

जून 2021 च्या शेवटी इंडीला एका साखरपुड्याचं भाडं लागलं. चार माणसं. सोमवारी स्वॅब दिला, मंगळवारी सकाळी अकराला रिपोर्ट हातात. बुधवारी सकाळी निघाले, पुलाच्या पलीकडं ‘रिपोर्ट ऐतेनु?’ म्हणून विचारलं, दाखवला, सोडलं. रात्री मुक्काम, गुरुवारी दुपारी जेवण, संध्याकाळी सहाला आम्ही परत बॉर्डरवर. रिपोर्ट निघून 55 तास झालेले. कर्नाटकच्या हिशेबानं तो कागद अजून ताजा, आपल्या हिशेबानं शिळा. माणसं सोलापूरची, आधार कार्ड सोलापूरचं, घर सोलापुरात, आणि नाक्यावरचा कर्मचारी म्हणतो, तुम्ही महाराष्ट्रात येऊ शकत नाही. मी म्हटलं, साहेब, मग आम्ही जायचं कुठं? तो म्हणाला, ते आदेशात लिहिलेलं नाही. दोन तास थांबवून, नावं-नंबर लिहून घेऊन, घरातच राहायचं असं बजावून शेवटी सोडलं. नवरीच्या आजीला साखरेचा त्रास, तिला गाडीत बसवून बिस्किटं चारत होतो.

त्यानंतर मी भाडं घेताना पहिला प्रश्न ‘परत कधी येणार?’ हा विचारायला लागलो. मुक्काम असला तर सांगायचो, तिकडंच दुसरा स्वॅब द्या, नाही तर साखरपुडा एका दिवसात उरका. आपल्याकडं लॅबमध्ये दिलं तर टेस्टचा सरकारी दर 500 रुपये होता. चार माणसांचे 2,000, आणि येताना पुन्हा तेवढेच पकडले तर माझ्या डिझेलपेक्षा रिपोर्ट महाग पडायचा. बऱ्याच लोकांनी जाणंच सोडलं. साथ रोखायची असेल तर तो हेतू साधला असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, ज्याच्या खिशात पैसे होते त्याच्यासाठी रस्ता उघडा होता, एवढाच तो नियम.

आणि ज्याच्याकडं पैसे नव्हते तो शेतातून गेला. 2020 मध्ये कितीतरी गावरस्त्यांवर मुरूम टाकून, बाभळीची झुडपं टाकून वाट अडवली होती. मोटरसायकलवाले बांधावरून जायचे. मीही एकदा मेहुण्याला औषध पोचवायला तसाच गेलो, खोटं कशाला बोलू. नाक्यावर निदान ताप बघायचे, नाव लिहायचे. बांधावर कोण बघणार? रस्ता जितका कडक, तितकी माणसं नोंदीबाहेर.

2 जुलै 2021 ला कर्नाटकनं लसीचा एक डोस असला तरी चालेल म्हटलं, आणि महिनाभरातच फिरवून लस असो नसो, रिपोर्ट हवाच असं केलं. महाराष्ट्रानं 15 जुलैला दोन डोस घेऊन 15 दिवस झालेल्यांना सूट दिली. म्हणजे ऑगस्टमध्ये तोच माणूस येताना सुरक्षित आणि जाताना संशयित. कर्नाटकची अट सुटली ती थेट फेब्रुवारी 2022 मध्ये, आणि महाराष्ट्रानं सगळेच निर्बंध उठवले 1 एप्रिल 2022 पासून, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कळायचं कसं. आदेशाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायची, पण ती कालची की परवाची ते बघायला तारीख शोधावी लागायची, आणि निम्म्या वेळा कुणीतरी जुनीच परत फिरवलेली असायची. कन्नडमधला आदेश मेहुणा वाचून दाखवायचा. चौकशीच्या नंबरवर फोन लागला तर उत्तर मिळायचं, ‘या तुम्ही, बघू.’ खरी बातमी असायची ती रात्री बॉर्डर पार करून आलेल्या माणसाकडं. इंडीकडचे एक अण्णा कांद्याचा टेम्पो घेऊन सोलापूरला यायचे. मालाची गाडी, त्यामुळं कधी बंद नाही. पहाटे पाचला मार्केट यार्डात माल उतरवताना ते मला फोन करायचे: आज कागद बघतायत की फक्त ताप, शिफ्टला कोण आहे, गाडीत किती माणसं चालतात, रिपोर्ट मोबाइलवर दाखवला तर चालतो की झेरॉक्स मागतात. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बॉर्डरवर झेरॉक्स कुठून आणणार? त्यांच्या फोनवर मी दिवसाची भाडी ठरवायचो. दोन वर्षांत अण्णांची बातमी चुकली ती एकदाच, आणि त्या दिवशी नाक्यावरची माणसं सकाळी सहाला बदलली होती.

अण्णांचा फोन अजून येतो, पहाटे पाचलाच. आता कांद्याचा भाव सांगतात.