भाजी निवडता निवडता ‘डॉन किहोते’

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. वाङ्मय शिकायचं राहून गेलं. घरबसल्या, फुकट काही जमेल का? इंग्रजी बेताचंच. – एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल की! येल विद्यापीठाच्या ‘ओपन येल कोर्सेस’ या संकेतस्थळावर सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीवरची २४ इंग्रजी व्याख्यानं मी भाजी निवडता निवडता ऐकली. प्राध्यापकांचे उच्चार सुरुवातीला कानाला लागेनात. मग प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत सापडली. तीच आधी वाचा, शब्दकोश मांडीवर घेऊन. फी नाही, प्रमाणपत्रही नाही (आता कुणाला दाखवायचंय?). कादंबरी मात्र सोबत वाचाच. मी दुसऱ्या भागाला टांग दिली आणि पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. १६१५च्या त्या भागात पात्रांनीच १६०५चा पहिला भाग वाचलेला असतो!