वाचकांचे प्रश्न : गेमिंग पीसीची रॅम आणि घरातलं नेटवर्क

प्रश्न : माझ्या पीसीत डीडीआर४ ३२०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. नवे गेम मधेच अडखळतात. आणखी दोन ८ जीबीच्या स्टिक टाकू, की जुन्या काढून १६ जीबीच्या दोन घेऊ? डीडीआर५ याच बोर्डावर बसेल का?

उत्तर : डीडीआर५ बसणार नाही. दोन्हींचे संपर्कबिंदू २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेज नियंत्रणाची पद्धतही वेगळी असते. जोर लावला तर स्लॉट तुटेल.

अडखळण्याचं कारण रॅमच आहे का, ते खरेदीआधी तपासा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडी ठेवून अर्धा तास गेम खेळा. वापर १५ जीबीला टेकलाय आणि गेम अडखळतो त्याच क्षणी डिस्कची हालचाल उसळतेय, तर रॅम कमी पडतेय. वापर ११-१२ जीबीवर थांबत असेल, तर नवी रॅम घेऊन काही बदलणार नाही. तेव्हा त्याच खिडकीत ग्राफिक्स कार्डाची मेमरी बघा. ती भरली असेल तर गेममधलं टेक्स्चर एक पायरी खाली आणा, त्याला पैसे लागत नाहीत.

रॅमच कमी पडत असेल तर १६ जीबीच्या दोन स्टिक एकाच किटमधल्या घ्या आणि जुनी जोडी विकून टाका. चार स्टिक चालतच नाहीत असं नाही, डीडीआर४ वर बरेचदा चालतात. अडचण येते ती मिसळीची. पाकिटावर तोच मॉडेल क्रमांक असला, तरी आतल्या चिप कंपनी मधेच बदलते. मग सगळ्या स्टिक सर्वांत मंद स्टिकच्या टायमिंगवर (प्रतिसादाच्या ठरलेल्या वेळांवर) चालतात, किंवा पीसी सुरूच होत नाही. सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे पीसी नीट सुरू होतो आणि तासाभराने गेम बंद पडतो. अशा वेळी लोक ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसतात.

बसवताना मागचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा. केसच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिक हातात घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. मॅन्युअलमध्ये त्यांना बहुधा ए२ आणि बी२ म्हणतात. बहुतेक बोर्डांवर प्रत्येक चॅनलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एका वाटेची, तार आधी जवळच्या स्लॉटला आणि मग लांबच्या स्लॉटला जाते. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये असेल तर पुढे उरलेल्या रिकाम्या तारेवरून सिग्नल परावर्तित होतो आणि वेग वाढवला की चुका होतात. दोन्ही टोकं ‘खट्ट’ होईपर्यंत दाबा. वाटतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि एक टोक अर्धवट बसणं हेच पीसी सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पाकिटावरचा वेग लागू करणारी सोय, सुरू करा. हे विसरलात तर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वरच धावते. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका; डीडीआर म्हणजे प्रत्येक ठोक्याला दोनदा देवाणघेवाण, त्यामुळे ३२०० च्या रॅमचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवरच चालतं.

शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार फेरे पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच धरा. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये वेगळी तपासा. दोन्ही एकेकट्या निर्दोष निघाल्या, तर वेग एक पायरी कमी करून पुन्हा चाचणी घ्या.

प्रश्न : एएम५ सॉकेटचा (एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांचा) नवा पीसी जोडतोय. ६००० सीएल३०, ६४०० सीएल४० आणि ७२०० अशा किट बघितल्या. मोठा आकडा घ्यावा का?

उत्तर : नुसता मोठा आकडा बघून घेऊ नका. सीएल म्हणजे मागणीनंतर पहिला डेटा येईपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके. सीएलचा आकडा गुणिले २०००, भागिले वेग, इतका हिशेब केला की पहिला डेटा यायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळतं. ६००० सीएल३० ला १० नॅनोसेकंद लागतात, ६४०० सीएल४० ला १२.५ आणि ५२०० सीएल४० ला जवळपास १५.४. डीडीआर४ ३२०० सीएल१६ लाही १० च लागतात, म्हणजे या बाबतीत नवी पिढी आपोआप चपळ ठरत नाही. तिची खरी कमाई बँडविड्थमध्ये, म्हणजे एका सेकंदात किती डेटा जातो त्यात, आहे.

रायझेन ७००० आणि ९००० मालिकांत मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरचा रॅमशी बोलणारा भाग) साधारण ६००० पर्यंत, नशीब चांगलं असेल तर ६४०० पर्यंत, रॅमच्याच घड्याळावर चालतो. त्यापुढे तो निम्म्या वेगावर उतरतो आणि विलंब वाढतो. त्यामुळे ७२०० ची महाग किट गेममध्ये ६००० च्या किटपेक्षा मागे पडू शकते. १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० सीएल३०, एक्स्पो प्रोफाइलची (एएमडीची एक्सएमपीसारखी सोय) किट, ही आमची सरळ शिफारस. प्रोसेसर एक्स३डी प्रकारचा असेल तर त्याची मोठी कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) रॅममधला फरक बराचसा झाकते. मग ६००० सीएल३६ सुद्धा पुरे, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

पुढे वाढवू म्हणून आज दोन आणि वर्षाने आणखी दोन, असा बेत डीडीआर५ वर करू नका. रायझेन ७००० मध्ये चारही स्लॉट भरले की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० इतका खाली येतो. ६४ जीबी लागतील असं वाटत असेल तर आजच ३२ च्या दोन घ्या.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवत बसतो, त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. पीसी बिघडला असं समजून मधेच वीज तोडू नका. दुसरं, मोठा एअर कूलर असेल तर उंची मोजा. साधी स्टिक सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते, दिव्यांची नक्षी असलेल्या किट ४० च्याही वर जातात आणि पंख्याला अडतात.

प्रश्न : लाइन ३०० एमबीपीएसची आहे. फोनवर वायफायने २५० मिळतात, पण केबल लावलेल्या पीसीवर ९४ च. नवं लॅन कार्ड घ्यावं का?

उत्तर : थांबा, कार्डाला अजून हात लावू नका. ९४ हा आकडाच निदान सांगतो : तुमचा दुवा गिगाबिटवरून १०० एमबीपीएसवर घसरला आहे. त्यातला थोडा भाग पाकिटांच्या (डेटाच्या तुकड्यांच्या) वेष्टनात जातो, म्हणून चाचणीत ९४-९५ दिसतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा, १००/१०० असं असेल.

लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार तुटली किंवा नीट बसली नाही, तरी नेट बंद पडत नाही, फक्त मंद होतं. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

चालू असलेली एक छोटी तयार केबल घ्या आणि पीसी थेट राउटरला जोडा. लिंक स्पीड १००० दिसला तर दोष भिंतीतल्या केबलचा किंवा तिच्या टोकांचा. १०० च राहिला तर राउटरचं माहितीपत्रक बघा. वेगवान वायफाय असलेल्या काही स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट १०० चेच असतात. मधे जुना स्विच असेल तर तोही तपासा. शेवटी लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग ‘ऑटो’वर आहे ना, ते बघा.

टोकं नव्याने क्रिम्प करायची (कनेक्टर दाबून बसवायची) असतील तर दोन्हीकडे एकच क्रम ठेवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फाकलेली असते आणि तिच्या मधे निळी बसते, हे चुकवू नका. रंग ओळीने जोडीजोडीने लावले तर साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, पण पीळ दिलेली जोडी फुटल्यामुळे एका तारेचा सिग्नल दुसरीत मिसळतो आणि दुवा डळमळतो. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं जायला हवं, नाहीतर ओढ थेट तारांवर येते.

केबल बदलावी लागली तर शुद्ध तांब्याची घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशा केबली हलक्या आणि ठिसूळ असतात. तार ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखा रंग दिसतो. कॅट ५ई केबल १ आणि २.५ गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. नवी टाकायचीच आहे तर कॅट ६ टाका, तिच्यावर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जातात. ‘कॅट ८’ छापलेल्या चपट्या केबलीने घरात पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी होत नाही. आणि विजेच्या वायरींच्या पाइपातून लॅनची केबल कधीही नेऊ नका, तिला वेगळा पाइप द्या.

प्रश्न : घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला लागलं की गेममध्ये पिंग ३०० च्या वर जातो. ‘गेमिंग राउटर’ घेतला तर थांबेल?

उत्तर : नावाने थांबणार नाही, आत कोणती सोय आहे त्यावर अवलंबून आहे. ऑनलाइन गेमला स्वतःला बहुधा १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. अडचण रांगेची आहे. अपलोड १० एमबीपीएसचं असेल आणि मॉडेमच्या रांगेत १ मेगाबाइट साचलं, तर ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतो, आणि तुमचं छोटं पाकीट त्या सगळ्याच्या मागे उभं राहतं.

राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे एफक्यू-कोडेल किंवा केक, ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय शोधा. ओपन-डब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरांत ती घालता येते. मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा : अपलोड २० मिळत असेल तर १८. रांग मग मॉडेमऐवजी राउटरमध्ये तयार होते, आणि तिथे प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट मिळते. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे वेगवान लाइनवर लहान राउटर दमतो आणि डाउनलोड घटतं. तसं झालं तर फक्त अपलोडला मर्यादा लावा. बहुतेक घरांत खरी कोंडी तिथेच असते. तोवर फोनमधल्या बॅकअप ॲपची अपलोड मर्यादा कमी करून बघा.

प्रश्न : पीसीपर्यंत केबल नेणं शक्य नाही. यूएसबी डोंगल, वायफाय कार्ड की एक्स्टेंडर?

उत्तर : पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड, आणि तेही तारेने टेबलावर ठेवता येणाऱ्या अँटेनाचं. केसच्या मागे खोचलेल्या अँटेनाला पत्र्याची आडकाठी होते. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डासोबतची छोटी वायर बोर्डावरच्या यूएसबी २.० हेडरला (पिनांच्या जोडणीला) जोडा. ती राहून जाते आणि मग ब्लूटूथ दिसतच नाही. एम.२ प्रकारचं (बोर्डावरच्या छोट्या स्लॉटात बसणारं) इंटेल मोड्यूल घेत असाल तर एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतात.

डोंगलच वापरायचा असेल तर एक्स्टेन्शन वायरने पीसीपासून लांब ठेवा. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. एक्स्टेंडर गेमसाठी टाळा, कारण बहुतेक एक्स्टेंडर ऐकणं आणि पुढे पाठवणं एकाच चॅनलवर करतात आणि वेग निम्मा होतो.

राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडा. अधूनमधून मिनिटभर नेट पूर्ण जाऊन परत येत असेल तर चॅनल क्रमांक बघा. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर गेल्यास आधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. ३६ ते ४८ मधला चॅनल हाताने ठरवून द्या, ही तूट थांबेल.