बहिणीला बडोद्यात आयसीयू स्टाफ नर्सची ऑफर आलीये, लहान मूल सांभाळून तिला जमेल का?

जमेल की नाही हे तुमच्या बहिणीपेक्षा हॉस्पिटलवर जास्त अवलंबून आहे. मी इथे बडोद्यातच एका प्रायव्हेट आयसीयूत नऊ वर्षं आहे, दांडिया बाजारात राहते, घरी मुलगी आणि सासूबाई.

सगळ्यात आधी विचारा, एका सिस्टरकडे किती पेशंट देतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्म्समध्ये आयसीयूला १:१ आहे, पण मी कित्येक नाइट तीन पेशंटवर काढल्यात, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटरवाला एकच धरा, तरी दर तासाला बीपी, पल्स, सॅच्युरेशन चार्टवर लिहायचं, युरिन मोजायचं, सक्शन म्हणजे नळीतून कफ ओढून काढायचं, तोंड स्वच्छ करायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला बेडसोर होतो, आणि नॉरॅडचा, म्हणजे बीपी टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनालिन औषधाचा पंप संपायच्या आत दुसरी सिरिंज भरून तयार ठेवायची कारण तो थोडा वेळ जरी थांबला तरी बीपी खाली येतं. आता एकाचं सक्शन चाललंय आणि पलीकडच्याचा अलार्म वाजला तर काय करायचं? मला आजही त्या क्षणी धडकी भरते आणि तीच घरी सोबत येते, मुलगी काहीतरी सांगत असते आणि माझं लक्ष नसतं.

शिफ्ट म्हणाल तर आठ ते दोन, दोन ते आठ, नाइट आठ ते आठ, पण रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टची सिस्टर, आली नाही तर थांबावंच लागतं, पेशंट सोडून कसं जाणार. उत्तरायणला, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला तर सुट्टी मागूच नका, मांजाने गळा कापलेले, गच्चीवरून पडलेले येतात. आमचा गणपती दीड दिवसाचा, तरी तीन वर्षं मी आरतीला नव्हते.

नाइट करून आलं की घरच्यांना वाटतं आता दिवसभर घरीच तर आहे. आमच्याकडे सासूबाईंनी दुपारी दोनपर्यंत बेल बंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा कुठे मला नाइट झेपायला लागली, त्यामुळे बहिणीच्या घरी हे आधीच बोलून घ्या.

पगाराचं म्हणाल तर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने अगदी ५० बेडच्या आतल्या हॉस्पिटलनेही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नये असं सुचवलं होतं. त्याखाली असेल तर नकोच.

आणि सही करण्याआधी मागच्या महिन्याचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता बघायला मागा, लागोपाठ किती नाइट आहेत, नंतर ऑफ आहे का. दाखवला नाही तर एक दिवस रात्री पावणेनऊला स्टाफ गेटजवळ थांबा, दुपारच्या सिस्टर बाहेर पडल्यात का बघा.